साक्षीदार कोणाच्या बाजूचा?

आजचा शास्त्रभाग : मत्तय १८:१५-१७



हा उतारा आपल्यापैकी बऱ्याच जणांना तोंडपाठ असेल. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन बोलायचं, नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत न्यायचं, तरीही नाही तर मंडळीला सांगायचं. मी पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर गेलो होतो.

झालं असं, की नाताळात कॅरल राउंडला जमलेले पैसे माझ्याकडे होते. तरुण संघातल्या एका मित्राने सगळ्यांसमोर विचारलं, "हिशोब कधी देणार?" मला ते फार लागलं. त्याच्याशी बोलायचं सोडून मी साक्षीदार शोधले. एक माझा जिगरी दोस्त. त्याला आधीच व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट पाठवून ठेवले होते. दुसऱ्या मंडळीतल्या एक मावशी. त्यांची माझ्यावर माया, म्हणून त्या माझीच बाजू घेतील अशी खात्री होती.

मावशींनी दोघांचंही ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाळा, त्याची विचारायची पद्धत चुकली असेल. पण हिशोब दिलास का तू?"

दिला नव्हता. पैसे सगळे होते, पण वही अर्धीच लिहिलेली.

त्या रात्री उतारा परत वाचला. येशू इथे अनुवाद १९:१५ मधला जुना नियम आठवून देतो : एकट्याच्या साक्षीवर कोणाला दोषी ठरवायचं नाही, दोन किंवा तीन साक्षीदार हवेत. हा नियम आरोप करणाऱ्याच्या सोयीसाठी नाहीच, ज्याच्यावर आरोप आहे त्याला जपण्यासाठी आहे. त्याच अध्यायात पुढे, खोट्या साक्षीदाराने भावाचं जे वाईट योजलं असेल तेच त्याच्या वाट्याला यावं असं म्हटलंय. इतकं जोखमीचं काम! आणि मी ते फॉरवर्ड केलेल्या स्क्रीनशॉटवर उरकत होतो.

नाबोथाविरुद्धही साक्षीदार दोनच होते (१ राजे २१). संख्या नियमाप्रमाणे भरली, आणि निर्दोष माणूस दगडमार होऊन मेला. ईजबेलीला नियम चांगला माहीत होता. म्हणजे दोन माणसं नेली की झालं, असं नाही. त्यांना मलाही चूक म्हणायची मोकळीक आहे का? नसेल, तर ती माझी टोळी झाली.

(एक सांगायलाच हवं. कोणी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार केला असेल, तर पीडित व्यक्तीला "आधी एकटी जाऊन बोल" असं या वचनाच्या नावाने सांगू नका. तिथे पोलिसांकडे जायचं.)

पुढच्या रविवारी हिशोब दिला, मित्राची माफीही मागितली. तो "ठीक आहे" म्हणाला, एवढंच. आमचं बोलणं अजून पूर्वीसारखं नाही. या शनिवारी त्याला चहाला बोलावलंय, दोघंच. प्रार्थनेत आठवण ठेवा.