पुराच्या पाण्याचे वाटेकरी

नरसोबाच्या वाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकमेकींना मिळतात. पावसाळ्यात पाणी चढू लागले म्हणजे ते घाटाच्या पायऱ्या एकामागून एक गिळीत देवळात शिरते, उत्तरेच्या दाराने आत येऊन पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वाराचे स्नान घडावे म्हणून महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतले भाविक भर पावसात तेथे लोटतात. पुराला इतक्या आदराने देवघरात घेणारा हा मुलूख आहे. मळीच्या जमिनीवर नवा गाळ बसवून जाणाऱ्या नदीशी येथील कुणब्याचे वैर कधीच नव्हते. म्हणूनच २००५, २०१९ आणि २०२१ या सालांच्या महापुरांनी त्याचे घरदार तर नेलेच, पण पिढ्यानपिढ्या जपलेला नदीवरचा विश्वासही हिरावून नेला.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले. त्या दिवसांत माणसे एकमेकांना नमस्कार करण्याऐवजी "किती फूट झाले?" एवढेच विचारीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अंथरुणाला खिळलेली म्हातारी, जोंधळ्याची पोती आणि भिजून थरथरणारे रेडकू एकाच ताडपत्रीखाली दाटीने बसलेले असत. ब्रह्मनाळला जीव वाचविण्यासाठी निघालेली होडीच उलटली. पुणे-बंगळूर हमरस्ता पाण्याखाली गेला, दूध संघांचे संकलन थांबले आणि मुंबईतल्या घरांत दुधाची चणचण भासली. नदीकाठी बुडालेल्या गोठ्याचा आणि महानगरातल्या चहाच्या पेल्याचा संबंध इतका निकटचा आहे, हे एरवी कोणत्याही खात्याच्या दफ्तरात नमूद नसते.

कृष्णेविषयी तिच्या खोऱ्यातील राज्ये परस्परांशी बोललीच नाहीत, असे नव्हे. १९६९ साली बचावत लवाद नेमला गेला, १९७३ साली त्याने निवाडा दिला, आणि २०६० अब्ज घनफूट पाण्यापैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० व तत्कालीन आंध्र प्रदेशाला ८०० अशी वाटणी ठरली. परंतु तो सारा विचार मूलतः टंचाईचा होता. भावाभावांच्या वाटणीपत्रात विहीर, बांध, आंब्याचे झाड यांचा काटेकोर उल्लेख असतो. ओढ्याला येणाऱ्या पुराचा धनी कोण, हे त्यात कोणी लिहीत नाही. आता हवामानच पालटले आहे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. टंचाईची वाटणी आम्हांस येते. संकटाचे वाटेकरी होणे आम्हांस अद्याप यायचे आहे.

ते सोपे नाही. सांगलीच्या वरच्या अंगाला असलेल्या कोयना धरणाच्या जलाशयात १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. विजेचा अंमलदार म्हणतो, धरण भरू द्या; पाटबंधारे खाते उन्हाळ्यातल्या उसाची काळजी वाहते; आणि सांगलीकर मनात म्हणतो, देवा, ऑगस्टपर्यंत ते थोडे रिते राहू दे. तिघांचेही म्हणणे खरे आहे. पाणी पश्चिमेस पोफळीच्या वीजगृहाकडे वळवून कोकणातल्या वाशिष्ठी नदीत सोडावे म्हणावे, तर २०२१ च्या जुलैत त्याच वाशिष्ठीकाठचे चिपळूण बुडाले होते. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर सारा रोष काढला जातो. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नाही. तरी तो वाद शमलेला नाही, आणि माझ्या मते त्या वादाच्या गदारोळात बांधकामास मनाई असलेल्या निळ्या पूररेषेच्या आत आपणच बांधलेल्या घरांकडे व घातलेल्या भरावांकडे पाहण्याचे धैर्य आपण गमावले.

२०१९ साली अलमट्टीचा विसर्ग वाढविण्यासाठी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांशी बोलावे लागले. जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांचे मंत्री बंगळूरला भेटले, हे स्तुत्यच झाले. पण कोट्यवधींचे प्राण आणि संसार व्यक्तींच्या सौजन्यावर टांगणीला ठेवणे योग्य नव्हे. खोऱ्यासाठी एक कायम मंडळ हवे, ज्यात दोन्ही सरकारांच्या अभियंत्यांबरोबर वीजनिर्मिती करणारी मंडळी, साखर कारखाने, दूध संघ, नगरपालिका आणि नदीकाठच्या ग्रामपंचायती मानाने बसतील. प्रत्येक धरणाची आवक-जावक सर्वांना तासातासाला कळावी, आणि खालच्यांच्या जिवासाठी ज्याने आपले धरण रिते ठेवले त्याच्या तोट्याची भरपाई सर्वांनी मिळून करण्याची तजवीज असावी. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याग एकट्याच्या माथी मारला की सहकार्य पहिल्याच पावसात वाहून जाते.

वैशाखात वाडीचा घाट कोरडा असतो, नदी पायऱ्यांच्या पार खाली गेलेली असते. दोन्ही राज्यांच्या कारभाऱ्यांनी, कारखान्यांच्या अध्यक्षांनी आणि काठावरच्या सरपंचांनी यंदा त्या पायऱ्यांवर एकत्र बसावे, आणि मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी पुढच्या पुराचा करार लिहून काढावा, एवढीच माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.