आजचे चिंतन : नऊ धावा
(भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७ आणि ४८)



आजचे श्लोक आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही. पण एक प्रश्न मला बरेच दिवस टोचत होता. फळ मिळालं नाही, इथवर ठीक आहे. पण कर्मच कोणी अर्ध्यावर थांबवलं तर?

डिसेंबर १९४८. पुण्याचं पूना क्लब मैदान. रणजी करंडकाचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा डाव २३८ वर आटोपला. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले आणि खेळतच राहिले. त्यांच्या नाबाद ४४३ धावा झाल्या. संघाच्या ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा जागतिक विक्रम नाबाद ४५२ चा होता. बरोबरीला फक्त नऊ धावा हव्या होत्या. खेळाची विश्रांती झाली आणि काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जायला नको, म्हणून त्यांनी तसं केलं असं सांगतात. संघ निघून गेला. संपलं!

आता श्लोक पुन्हा वाचा. त्यात चार गोष्टी आहेत, आपण दोनच लक्षात ठेवतो. तिसरी, फळाच्या हेतूने कर्म करू नकोस. आणि चौथी, कर्म न करण्यातही अडकू नकोस. मला वाटतं, मैदान सोडणारा कर्णधार या दोन्हींत सापडला. नामुष्की हेही फळच आहे ना! त्या फळाला तो इतका घाबरला की कर्मच टाकून निघाला. आपणही असंच करतो. नापास होऊ म्हणून फॉर्म भरत नाही, नकार येईल म्हणून विचारत नाही. वर त्याला 'वैराग्य' म्हणतो!

आणि निंबाळकर? त्यांच्यासाठी पुढचा श्लोक आहे, समत्वाचा. त्यावर ज्ञानेश्वर माऊलींचा भावार्थ असा : हाती घेतलेलं काम पूर्ण झालं तर फार हुरळू नये, आणि काही निमित्ताने मध्येच अडलं तर चित्त खवळू देऊ नये. बघा, माऊलींनी अर्धवट राहिलेल्या कामाचाही विचार केलाय.

माझंच सांगते. दोन वर्षं एका परीक्षेचा अभ्यास केला, पेपर उत्तम गेला आणि ती भरतीच रद्द झाली. पुण्याची खोली सोडून खापरला परत आले. महिनाभर पुस्तकांकडे बघवत नव्हतं. एका संध्याकाळी आई म्हणाली, "बाई, भरती गेली. तू वाचलेलं कुठे गेलं?" मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारची दोन पोरं गणित विचारायला आली, त्यांना शिकवायला बसले. आज ती अकरा जण आहेत. दुःख गेलं का? नाही. गीता दुःख नाकारत नाही. ती फक्त विचारते, आता हातात काय आहे?

ब्रॅडमनचा तो विक्रम पुढे १९५९ मध्ये हनीफ मोहम्मदने ४९९ धावा करून मोडला. तोही १९९४ मध्ये लाराच्या ५०१ ने मागे पडला. म्हणजे त्या नऊ धावा मिळाल्या असत्या, तरी ते फळ टिकणारं नव्हतंच. निंबाळकरांना अधिकृत कसोटी कधी खेळायला मिळाली नाही. पण ४४३ हा आकडा कोणालाच परत घेता आला नाही. केलेलं कर्म केलेलंच राहतं.

आजचा संकल्प : कोणीतरी थांबवलेलं एक काम आठवा. राग बाजूला ठेवून, त्यातलं जे अजून आपल्या हातात आहे तेवढं आज करा. आणि भीतीपोटी आपणच सोडलेलं एखादं काम असेल, तर आधी ते.

रामकृष्ण हरी!