उटण्याचे कुळ

नरकचतुर्दशीला उटण्याची वाटी पुढे आली, की घरातले वडीलधारे माणूस हमखास म्हणते, ‘हे घरचे आहे हो, यात रसायन नाही.’ या वाक्यात माया आहे, सत्य मात्र अर्धेच आहे. हळद काय, चंदन काय, न्हाण्याचे पाणी काय, सारी रसायनेच. खरा प्रश्न निराळा आहे. वस्तूची पारख तिच्या कुळावरून करावी की गुणावरून?

निसर्ग ही माता खरी; पण बिब्बाही तिचेच लेकरू, आणि त्याच्या तेलाने अंगावर फोड उठतात. सुरम्यासाठी पूर्वापार वापरात असलेले एक खनिज म्हणजे शिसे व गंधक यांचा संयोग. तेही भूमीच्याच पोटातून येते. येथे आजीच्या अनुभवालाही एक मर्यादा पडते. बिब्ब्याचा फोड लवकर दिसतो, म्हणून परंपरेने त्याची धास्ती घेतली. शिसे मात्र चोरपावलांनी शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. तो अपाय नुसत्या डोळ्यांना कसा दिसावा?

उलट युरिया पाहा. तो सजीवांच्या देहातच निर्माण होतो, अशी एके काळी समजूत होती. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत केल्याचे जाहीर केले. देहातला आणि बाटलीतला युरिया एकच. आज टाचांच्या भेगांवरील मलमांत तोच असतो.

म्हणून कारखान्यापुढे डोळे मिटून मान तुकवावी, असे मुळीच नव्हे. गोरेपणाचे आमिष दाखवणाऱ्या काही मलमांत पारा सापडला आहे. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लेपात केसांच्या कलपातले पीपीडी हे द्रव्य मिसळतात, आणि त्याने हात पोळल्याची उदाहरणे आहेत. तेथे तर कृत्रिमाने निसर्गाचेच नाव घेऊन घरात प्रवेश केला!

सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने सांगून ठेवले, की विष ठरते ते मात्रेमुळे. तेव्हा विचारायचे ते हे: द्रव्य कोणते, किती, कोणाच्या त्वचेवर, किती दिवस, आणि ते तपासले कोणी? हे प्रश्न कष्टाचे आहेत. कुळ विचारणे सोपे असते, कारण त्यानंतर विचार करावा लागत नाही. माणसांच्या बाबतीत या सोपेपणाने केवढा अन्याय केला, हे आपण जाणतो. वस्तूंच्या बाबतीत त्याची किंमत बहुधा घरातले सर्वांत कोवळे अंग मोजते, आणि त्याला बिचाऱ्याला निवड करण्याचा अधिकारही नसतो.