सुरीची खूण राहते

पाचवीत आदिमानवाचा धडा आला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो, “सर, ये लोग तो जंगली थे ना?” आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर द्यावे असे बी.एड.ला शिकलो होतो, म्हणून विचारतो, “तुमको कैसे मालूम?” पोरे म्हणतात, “हड्डियों से.” उत्तर खोटे नाही. आमची पंचाईत मात्र तिथूनच सुरू होते.

ज्या माणसाने एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्याच्याबद्दल दगडाच्या हत्यारांनंतर बोलतात ती त्याने मारलेल्या आणि पाळलेल्या जनावरांची हाडेच. दगडी हत्याराची खूण बारीक आणि धारदार असते, श्वापदाच्या दाताची बोथट. एकीवर दुसरी चढलेली असेल तर शिकारीपाशी आधी कोण पोचले, तेही कळते. लांब हाड फोडलेले असेल तर मगज खाल्लेला असतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेले ते शेतकऱ्यांचे गाव. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळणारे, हरणांची शिकार करणारे. पुढे शेती खालावली तेव्हा शेळ्या-मेंढ्यांवर आणि शिकारीवर त्यांची भिस्त वाढली. कण्यांवर दिवस काढणाऱ्या घराचा हिशेब मांडावा, तसा त्या गावाचा हिशेब आज मांडता येतो.

हाडांचे अभ्यासक जनावराचे वय दातांवरून ठरवतात. हे वाचले तेव्हा आम्हाला हसू आले. बकरी ईदच्या बाजारात आमचे वडीलही तेच करायचे. बकऱ्याचे ओठ वर करून बघायचे, दोन दाती आहे की नाही. मग तो बकरा घरी यायचा. आठ-दहा दिवस आम्ही भावंडे त्याला पाला चारायचो, त्याच्या कानाशी बोलायचो, रात्री उठून बघून यायचो. ईदच्या दिवशी धाकटी बहीण दाराआड जाऊन रडायची आणि दुपारी आमच्यासोबत जेवायचीही. उद्या कुणी आमच्या परसातली माती उकरली तर त्याला हाड मिळेल, त्यावर सुरीची खूण मिळेल, दातांवरून वयही कळेल. पाला चारणारा हात मात्र मिळणार नाही.

आमची अडचण आहे ती ही. सुरी हाडावर खूण ठेवते, माया ठेवत नाही. मग नुसत्या हाडांच्या साक्षीवर कुणाला जंगली ठरवणे न्यायाचे आहे काय?

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत मजुरांना एक कबर सापडली. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची. एक पुरुष, एक तरुण स्त्री, वर तांबडी माती. सोबत जनावरांची काही हाडे होती, ती लांडग्याची समजली गेली. कुत्र्याची म्हणून ती ओळखली गेली ती साठ-पासष्ट वर्षांनी. २०१८ साली ल्यूक यान्सेन्स आणि सहकाऱ्यांनी त्याच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिल्लू जेमतेम सात महिन्यांचे. दातांवरच्या आडव्या रेघा सांगत होत्या की पाच महिन्यांचे होण्याच्या सुमारास त्याला डिस्टेंपर झाला होता, आणि त्याने एकदा नव्हे, तीनदा उचल खाल्ली. ताप, उलट्या, जुलाब, अन्नावरची वासना गेलेली. कुणी ऊब दिली नाही, पाणी पाजले नाही, घाण पुसली नाही, तर असे पिल्लू तीन आठवडेही काढत नाही. हे त्यानंतरही जगले.

म्हणजे मायेचीही खूण राहते, पण फार आडवळणाने. जे दिवस त्या पिल्लाच्या वाट्याला यायला नको होते, ते आले. तीच खूण.

आमचे एक सहकारी म्हणाले, “शिकारीला उपयोगी पडेल म्हणून सांभाळले असेल.” असेलही. पण आजारी पिल्लाचा त्या दिवसांत काडीचा उपयोग नव्हता, आणि ते बरे होईल याची हमी कुणी दिली नव्हती. शेतकरी बसलेल्या बैलापाशी रात्र काढतो, तेव्हा त्यात गरज किती आणि जीव लावणे किती, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. त्याच्याकडून आम्ही वाटणी मागत नाही, मग चौदा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाकडून का मागावी? तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजले म्हणून माफी मिळाल्याची हदीस आमच्या घरांतून सांगितली जाते. तिथे तो कुत्रा कशाच्या उपयोगाचा होता, असे कुणी विचारत नाही.

याचा अर्थ ती माणसे फरिश्ते होती असा नाही. पिल्लाला पाणी पाजणारे हात शिकारही सोलत होते. ते पिल्लू शेवटी आजाराने गेले की माणसांबरोबर पुरण्यासाठी मारले गेले, हेही हाडांवरून ठरत नाही. आमच्या ईदच्या घरासारखेच ते घर असावे. एकाच हाताची दोन कामे, आणि दोन्ही खरी.

यंदा ही हकिकत आम्ही वर्गात सांगितली. ‘जंगली’ शब्दाचे काय करायचे ते पोरांवर सोडले. मागच्या बाकावरचा एकजण, जो एरवी हजेरीलाही धड ओ देत नाही, तो उभा राहिला. “सर, रात को पानी कौन पिलाता था? आदमी के औरत?”

तास संपल्याची घंटा झाली तरी तो उभाच होता.