घाटावरच्या पाणबुड्याचा कॉम्प्युटर

आमच्या जोयडा तालुक्याला समुद्र नाही. काळी नदी आहे, सुपा धरणाचं पाणी आहे, गणेशगुडीचं राफ्टिंग आहे, आणि उरलेलं सगळं रान. पण किनाऱ्याचा आणि आमचा जिल्हा एकच. अणशीचा घाट उतरून कारवारवरून मुर्डेश्वर गाठलं की नेत्राणी बेट बोटीच्या टप्प्यात येतं. पावसाळा सरला की इथली काही पोरं तिकडे स्कूबासाठी जातात. नदीवर वाढलेली पोरं, त्यांना पाण्याचं भय नाही. कोर्स झाला, खिशात थोडे पैसे आले, की प्रश्न ठरलेला असतो, ‘काका, डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचाय. स्वस्तातला कुठला चांगला?’

माझं उत्तर असं की स्वस्तातला घेच, पण तो काय मोजतो आणि काय मोजत नाही हे आधी समजून घे.

पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत मुरतो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो, घाईने आलं तर त्याचे बुडबुडे होतात. मग सांधे धरतात, हातापायांना मुंग्या येतात, क्वचित त्याहून वाईट घडतं. शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी बकऱ्यांवर प्रयोग करून 1908 साली याचं पहिलं नीट कोष्टक दिलं. पुढची कितीतरी वर्षं पाणबुडे कोष्टकंच वापरत होते. कोष्टकाची अडचण अशी की तुम्ही पाच मिनिटं अठरा मीटरवर आणि अर्धा तास आठ मीटरवर असलात, तरी ते सगळा वेळ अठरा मीटरचाच धरतं. मनगटावरचा कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी खोली बघतो आणि खरोखर घडलेल्या बुडीचा हिशेब ठेवतो. नेत्राणीसारख्या ठिकाणी, जिथे खडकाच्या उतारावरून माणूस सतत वरखाली होत असतो, तिथे हा फरक मोठा पडतो.

आता पैशांचं. सुरुवातीचे कॉम्प्युटर, म्हणजे क्रेसीचा लिओनार्डो, मारेसचा पक, सुंटोचा झूप, वीस हजारांच्या आगेमागे मिळतात. रंगीत पडद्याचे याच्या दुप्पट, अडीचपट. टाकीतली हवा बिनतारी मोजणारे आणखी वर. अठरा किंवा तीस मीटरपर्यंत साधी हवा घेऊन उतरणाऱ्याला यातलं महाग काहीच लागत नाही. हवेचा दाब नळीवरच्या काट्यावर दिसतोच. खोली, झालेला वेळ, डेको, म्हणजे वर येताना थांबण्याची सक्ती, न लागता उरलेली मिनिटं, वर येण्याचा वेग आणि पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप हे ठळक दिसलं म्हणजे झालं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे छान दिसतात. गढूळलेल्या पाण्यात, मास्कच्या काचेतून, चाळिशी लागलेल्या डोळ्यांना उरलेली मिनिटं एका नजरेत सापडतात का, ते बघा. मला तरी लिओनार्डोचे मोठे आकडे आणि एकच बटण पटलं.

दुसरी गोष्ट बॅटरीची. जी घरी बदलता येते तीच घ्या. कॉम्प्युटर कंपनीकडे पाठवून महिनाभर वाट बघणं जोयड्यातल्या माणसाला परवडत नाही. बदलताना मात्र घाई नको. झाकणाखालच्या रबरी रिंगवर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला तर पहिल्याच बुडीत पाणी आत शिरतं. मी कंदिलाच्या काचेला लावायचा तसा मऊ कपडा घेतो, रिंग उजेडात धरून फिरवून बघतो, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात देतो आणि मगच झाकण बसवतो.

पण या सगळ्याहून मोठी बाब म्हणजे कॉम्प्युटर स्वतःचा असणं. भाड्याच्या कॉम्प्युटरला तुमची कालची बुडी ठाऊक नसते. सकाळी दुसऱ्याच कुणी वापरलेला असेल, तर तो त्याचा नायट्रोजन तुमच्या नावावर मांडतो. ‘गाईडच्या हातात आहे ना’ हेही पुरेसं नाही. गाईड तुमच्याहून तीन मीटर वर असू शकतो, आणि त्याचा हिशेब तुम्हाला लागू पडत नाही.

आणि आता आमचा घाट. सुपा धरणाची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून 564 मीटर आहे, आणि इथली बरीच गावं त्याच उंचीच्या आसपास. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण साडेसहा टक्क्यांनी कमी. मुर्डेश्वरला दुपारी शेवटची बुडी आटोपून गाडी काढली की त्याच संध्याकाळी आपण, अंगात नायट्रोजन शिल्लक असताना, आणखी वर चढतो. विमान कोणी घेत नाही, म्हणून बुडीनंतर कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘उडू नका’ सांगणाऱ्या विमानाच्या चिन्हाकडे कोणी बघत नाही. तो इशारा उंचीचा असतो आणि घाट ही उंचीच आहे. विमानप्रवासासाठी डाइव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला एका बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर 18 तास थांबण्याचा आहे. तो साधारण 600 मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे. आमची गावं त्या रेषेला टेकलेली, आणि वाटेत रस्ता कुठे कुठे तिच्या वरही जातो. अमेरिकी नौदलाकडे तर बुडीनंतर किती उंच जायला किती थांबायचं याचं वेगळं कोष्टकच आहे. म्हणजे ही शंका माझ्याच मनातली नाही.

कॉम्प्युटरमधली उंचीची सेटिंग वेगळी, ती या प्रवासासाठी नसते. उंचावरच्या पाण्यात उतरताना ती लागते. स्विस डॉक्टर ब्यूलमान यांनी डोंगरातल्या सरोवरांचा विचार करून गणित मांडलं, त्याच्यावर आजचे कित्येक कॉम्प्युटर चालतात. सुंटोच्या झूपमध्ये ही सेटिंग हाताने करावी लागते: 300 मीटरपर्यंत एक, त्यावर 1500 पर्यंत दुसरी. म्हणजे बुडालेल्याच्या शोधासाठी आमच्या धरणात उतरायची वेळ आली, तर दुसरीच लावायला हवी, नाहीतर दाखवलेली मिनिटं खोटी. समुद्रावर तीच विसरून राहिली तर नुसता वेळ कमी मिळतो, जिवाला धोका नाही.

दाब देऊन उपचार करणारं चेंबर आमच्या तालुक्यात नाही. रात्री घाटात हात बधिर झाला तर काय करायचं, याचं धड उत्तर मला देता येत नाही. म्हणून विचारणाऱ्या पोरांना मी सांगतो ते असं: साधा, मोठ्या आकड्यांचा, घरी बॅटरी बदलता येणारा कॉम्प्युटर घ्या, त्याच्या सेटिंगमधली सुरक्षिततेची पातळी एक पायरी वरची ठेवा, आणि महाग मॉडेलचे वाचलेले पैसे मुर्डेश्वरच्या लॉजवर खर्च करा. शेवटच्या बुडीनंतरची रात्र किनाऱ्यावर काढा. घाट दुसऱ्या दिवशी चढा.