रुक्मिणीचं पत्र आणि रिद्धपूरचे धवळे

मुलीचं वय वाढत चाललं आणि आलेली स्थळं होकार न देता परतायला लागली की शेंदूरजनाघाटात, आणि एकूणच वरूड-मोर्शी पट्ट्यात, तिच्या आईला एक सल्ला हमखास मिळतो : रुक्मिणी स्वयंवराची पोथी लावा. पोथी एकनाथांची. कोणी रोज एक प्रसंग वाचतं, कोणी एका बैठकीत संपवतं. "पोरीले वाचाले लाव, दिवाईच्या अंदर साक्षगंध होते," असं सांगणाऱ्या बाईच्या आवाजात शंका नसते.

माझ्या नात्यातल्या एका मुलीने असं पारायण केलं. पोथीत खुणेसाठी घातलेला कागद तिचाच बायोडाटा होता. उंची, वर्ण, शिक्षण, बागेत संत्र्याची झाडं किती, आणि खाली वडिलांचा मोबाइल नंबर. पत्राचा प्रसंग वाचून झाल्यावर ती तिच्या मोठीआईला म्हणाली, "पण यातली पोरगी तं ठरलेली सोयरीक मोडते नं वं!" मोठीआई म्हणाली, "तुले कायले पाह्यजे थे? तू वाच."

मोठीआईचा हेतू वाईट नव्हता. पण भावाने ठरवलेल्या शिशुपालाला नाकारून, स्वतः निरोप धाडून, हव्या त्या पुरुषाला बोलावून घेणाऱ्या मुलीची गोष्ट आपण मुलींना वाचायला देतो, ती येईल त्या स्थळाने लवकर होकार द्यावा म्हणून. यात रुक्मिणीवर अन्याय आहे आणि पोथी हातात धरून बसलेल्या मुलीवर त्याहून मोठा. आणि ही कथा जिथे पहिल्यांदा मराठी बायकांच्या तोंडी आली ते रिद्धपूर शेजारच्याच मोर्शी तालुक्यात असावं, याची मला जास्त टोचणी लागते.

रुक्मिणी कोणाची, हा वाद मी बाजूला ठेवतो. 2018 मध्ये गुजरातेत माधवपूरच्या जत्रेत तिला अरुणाचलची, इदू मिशमींची लेक म्हणून गौरवलं गेलं. इकडे कौंडण्यपूर आहे, वर्धा नदीच्या काठचं, आणि तिच्या बापाचं, भीष्मक राजाचं कुंडिनपूर ते हेच, यात वऱ्हाडी माणसाला शंका नाही. मो. गं. दीक्षितांनी तिथे उत्खननही केलं. तिच्या माहेरची पालखी आजही कौंडण्यपुराहून पंढरीला जाते. देशाच्या दोन टोकांना लोक एका मुलीला आपली म्हणतात, यात वाईट काही नाही. मला खटकतं ते एवढंच की दोन्हीकडे बोलणं होतं ते तिच्या माहेराबद्दल, म्हणजे तिच्या बापाबद्दल. तिने काय केलं, हे मागे राहतं.

महाभारतात तर ती जवळजवळ बोलतच नाही. सभापर्वात कृष्ण आणि शिशुपाल भर सभेत तिच्यावरून एकमेकांचं उणंदुणं काढतात. या मूर्खाने रुक्मिणीची इच्छा धरली आणि ती याला मिळाली नाही, असं कृष्ण म्हणतो. शिशुपाल हसतो. आधी दुसऱ्याला नेमलेल्या बायकोचा उल्लेख चारचौघांत करायला तुला लाज कशी वाटत नाही, असं विचारतो. ती तिथे दोन पुरुषांमधला एक जुना हिशोब आहे. विष्णुपुराण थोडक्यात सांगतं : दोघांना एकमेकांची ओढ होती, तिचा भाऊ रुक्मी याने नकार दिला, लग्नाच्या आदल्या दिवशी कृष्णाने तिला नेलं. पत्राचं नावही नाही.

पत्र येतं भागवतात, दहाव्या स्कंधात. बहुतेक अभ्यासक भागवताला नवव्या-दहाव्या शतकाच्या आसपास ठेवतात. त्या सात श्लोकांत लाजरी मुलगी शोधूनही सापडत नाही. तुझे गुण ऐकले आणि तुला वरलं, असं ती सरळ सांगते. सिंहाच्या वाट्याला कोल्ह्याने शिवू नये, असं बजावते. मग ती बेत सांगते, आणि हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. अंतःपुरातून मला नेशील तर माझ्या भावाबंदांना मारावं लागेल, म्हणून ऐक : आमच्या कुळाचाराप्रमाणे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी गावाबाहेर गिरिजेच्या दर्शनाला जाते. तिथे ये. रक्त कमीत कमी सांडावं म्हणून जागा आणि वेळ तिने निवडली आहे. अमरावतीची अंबादेवी हेच ते देऊळ, असं आपण परंपरेने मानतो. नवरात्रात त्या रांगेत उभं राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की हा बेत कृष्णाचा नव्हता, तिचा होता?

पण भागवतही हे धाडस शेवटपर्यंत पेलत नाही. पुढे त्याच स्कंधात सूर्यग्रहणाच्या निमित्ताने सगळे कुरुक्षेत्री जमतात आणि द्रौपदी कृष्णाच्या बायकांना विचारते, तुमची लग्नं कशी झाली? ही जागा सुंदर आहे. देवाच्या बायका स्वतःच्या तोंडाने बोलतात. सत्यभामा आणि जांबवती स्यमंतक मण्यामागून आल्या, कालिंदीने तप केलं, मित्रविंदेला भाऊ अडवत होते. नरकासुराच्या कैदेतून सुटलेल्या त्या सोळा हजारही बोलतात, ज्यांच्यावर आपण आजवर फक्त विनोद केले. रुक्मिणी काय सांगते? राजे धनुष्यं सज्ज करून मला शिशुपालाला द्यायला उभे होते आणि शेळ्यामेंढ्यांच्या कळपातून सिंहाने आपला वाटा न्यावा तसं यांनी मला नेलं. संपलं. सिंह तोच, पण पत्र गाळलेलं. ज्या बाईने सगळं घडवून आणलं ती चारचौघींत सांगताना म्हणते, मला नेलं. खासगीत लिहिलं आणि जाहीर सांगताना झाकलं, हे त्या काळच्या बायकांपुरतंच खरं आहे असं मला वाटत नाही.

इथून पुढचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. देवगिरीच्या यादवांच्या काळात नरेंद्राने तेराव्या शतकाच्या शेवटी रुक्मिणीस्वयंवर लिहिलं. रामदेवरायाने काव्याला आपलं नाव मागितलं आणि कवीने दिलं नाही, ही हकिकत महानुभाव परंपरा अभिमानाने सांगते. मग 1571 मध्ये काशीत एकनाथांनी आपलं अठरा प्रसंगांचं काव्य पुरं केलं. या साखळीत एक नाव पाठ्यपुस्तकात ओळीपुरतं येतं : महदाइसा, आद्य मराठी कवयित्री, धवळे. पुढचा धडा.

माझं म्हणणं असं, की सगळं वळण त्या एका ओळीत दडलेलं आहे आणि ते आपण चुकीचं वाचतो.

प्रसंग काय होता? महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर निघून गेल्यावर त्यांचे शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. गोविंदप्रभू म्हणजे लोकांच्या नजरेत वेडा आणि भक्तांच्या नजरेत परमेश्वर. एकदा त्यांच्या मनात लग्नाचा खेळ आला. भक्तमंडळींनी खरी तयारी मांडली आणि गाणी म्हणायचं काम महदाइसेकडे आलं. तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गाइले. धवळे ही लग्नात नवऱ्यामुलाला उद्देशून बायकांनी म्हणायची गाणी. वाङ्मयेतिहासात हे एक गोड मंगलगीत म्हणून येतं.

आता गाणारी कोण ते पाहा. महदाइसा बालविधवा होती. जिची सावली मांडवात पडू नये, हळदीला जिने हात लावू नये, अशी ती बाई. आजही आमच्याकडे सवाष्णींना कुंकू लावायची वेळ झाली की घरातली विधवा आत्या आपणहून सैपाकघरात सरकते, तिला कोणी सांगावं लागत नाही. तेराव्या शतकात रिद्धपुरात अशा बाईला भर मांडवात मध्यभागी बसवून लग्नाचं गाणं म्हणायला लावलं गेलं, आणि त्या गाण्यांनी मराठी स्त्रीकाव्याची सुरुवात झाली.

तिने गोष्ट कोणती निवडली? रामसीतेचं लग्न होतं, शिवपार्वतीचं होतं. तिने निवडलं ते मोडलेल्या सोयरिकीचं लग्न. मंडपात गायची गोष्ट अशी की तिच्यात एक मंडप ओस पडतो, वऱ्हाडासह आलेला शिशुपाल हात हलवत परततो आणि नवरीच्या मनाची घालमेल, द्वारकेला गेलेल्या ब्राह्मणाची वाट पाहणं, हे गाण्याच्या पोटात बसतं. भागवतातल्या रुक्मिणीने कुरुक्षेत्री जे झाकलं, ते रिद्धपूरच्या मांडवात उघड्यावर आलं. मला तरी हेच मोठं वळण वाटतं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो भक्कम आहे. महानुभाव पंथ संन्यासाचा. घरदार, गाव, नातीगोती सोडून परमेश्वराचं अनुसरण करणं हा त्याचा गाभा. तिथे लग्नाच्या गाण्याला संसाराच्या दृष्टीने अर्थच काय? मग मुलीच्या पसंतीचा मुद्दा त्यात घुसडायचा कशाला?

याच आक्षेपातून मला धवळे उलगडतात. महदाइसेने स्वतः काय केलं होतं? चक्रधरांना गाठलं, माहेरासासरच्या चौकटीबाहेर पाऊल टाकलं आणि त्यांना प्रश्न विचारत राहिली. लीळाचरित्रात ती भेटते ती सतत काहीतरी विचारणारी म्हणून. तुझे गुण ऐकले, तुला वरलं आणि घराच्या मर्जीविरुद्ध निघाले, हे रुक्मिणीचं वाक्य तिच्या आयुष्याचंही होतं. चक्रधरांच्या मागे बायका जातात यावरून त्या काळी केवढा गहजब झाला, हे महानुभाव ग्रंथच सांगतात. रुक्मिणीवर आणि या बायकांवर ठपका एकच होता : कोणाच्या परवानगीने निघालीस?

म्हणून धवळ्यांत नवरी आणि साधक यांची सांगड कोणी वरून बसवलेली नाही. एका बाईने दोन्हीचा अर्थ एकाच पावलात अनुभवला होता. संसार असो की संन्यास, निर्णय जिचा तिचा. हे दोन अर्थ एकमेकांचे वैरी नव्हते.

आपण मात्र त्यांना वैरी करून टाकलं, आणि बोल लावला एकनाथांना. पुरोगामी मित्र म्हणतात, नाथांनी बंडखोर मुलीचा जीव केला आणि कृष्णाचा शिव केला. लग्न झालं अद्वैत, मुलगी गेली विरून. भाविक तेच कौतुकाने सांगतात. मला दोघांचंही पटत नाही. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेत वाढलेल्या माणसाला कलम कसं होतं ते माहीत असतं. जंभेरीचा खुंट घ्यायचा, त्याला संत्र्याचा डोळा बांधायचा, डोळा फुटला की वरचा खुंट छाटायचा. पुढे सगळे संत्रं बघतात, पण झाड तगतं ते जंभेरीच्या मुळांवर. नाथांनी अद्वैताचा डोळा बांधला तो बायकांच्या लग्नगाण्यांच्या खुंटावर. त्यांनी महदाइसेचे धवळे वाचले होते असं मी म्हणत नाही. महानुभावांचं साहित्य सांकेतिक लिपीत बंद होतं. विसाव्या शतकात ती लिपी उलगडली आणि य. खु. देशपांडे, वा. ना. देशपांडे यांच्यासारख्या वऱ्हाडी संशोधकांनी हे साहित्य पुढे आणायला हातभार लावला. पण गाणी पोथीच्या बाहेरही फिरतात. नाथांच्या काव्यात हळद आहे, विहिणींचे मानापमान आहेत, मराठी लग्नाचा सगळा गलबला आहे. आणि पत्र आहे. नाथांनी ते गाळलं नाही, उलट त्याला जागा दिली. अद्वैताची वाट त्यांच्याही पोथीत त्या पत्रावरूनच जाते.

मग बिघडलं कुठे? पोथी उपाय झाली तिथे. कामना धरून ग्रंथ वाचायची रीत जुनी आहे आणि तिच्याशी माझं भांडण नाही. आजारपणात, संकटात माणूस कशाला तरी धरतो. पण इथे कामना मुलीची नसते. लग्न तिचं, पारायण तिचं, आणि इच्छा घरच्यांची. 'योग्य स्थळ' म्हणजे काय हे ठरतं ते बैठकीत, जिथे ती चहाचा ट्रे ठेवून आत जाते. रुक्मिणीच्या गोष्टीत ही बैठक रुक्मीची होती.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. तिथे धवळे शिकवले जातील, तेव्हा यादवकालीन रूपं आणि प्रत्यय यांच्या पलीकडे जाऊन ते लग्नावरचं एका बाईचं म्हणणं म्हणून शिकवले जावेत, आणि वर्गात वरूड-मोर्शीच्या मुली असाव्यात, एवढी माझी मागणी आहे.

पोथी लग्नाशी थांबते म्हणून आपणही तिथेच थांबतो. भागवत थांबत नाही. हरलेला रुक्मी कुंडिनपुराला परतला नाही, त्याने भोजकट वसवलं. अमरावतीजवळची भातकुली ती हीच, असं आपल्याकडे मानतात. वाकाटकांच्या चम्मकच्या ताम्रपटातही भोजकट राज्याचं नाव आहे. तिथे रुक्मीला मुलगी झाली, रुक्मवती. तिचं स्वयंवर मांडलं गेलं आणि जमलेल्या राजांसमोर तिने ज्याच्या गळ्यात माळ घातली तो प्रद्युम्न, रुक्मिणीचा मुलगा. कृष्णाने केलेला अपमान रुक्मी विसरला नव्हता. तरी त्याने ते लग्न मान्य केलं. भागवत कारण देतं ते असं : बहिणीला बरं वाटावं म्हणून.