दोन परस

किकवी गावात एक शेतकरी होता. त्याचा जन्म काळ्या पाषाणाशी झुंजण्यात गेला. चैत्रात विहीर तळाला गेली की तो सुरुंग लावायचा, दोन परस आणखी खोल जायचा आणि कातळातून झरा काढायचा. पंचक्रोशीत कुणाची विहीर आटली की लोक त्यालाच बोलवायला यायचे. तो कधी कुणाला नाही म्हणाला नाही.

म्हातारपणी मुलाने त्याला आणि त्याच्या कारभारणीला लक्षद्वीप दाखवायला नेलं. परवाने काढले, कोचीहून विमान धरलं आणि सगळे अगत्ती बेटावर उतरले. विमानतळापाशी तर बेट इतकं अरुंद की दोन्ही बाजूंना समुद्रच. नदी नाही, ओढा नाही, टेकडी नाही. पायाखाली पोवळ्याची पांढरी वाळू, डोक्यावर माड.

उतरायची सोय एका मास्तरांच्या घरी होती. मास्तरांना हिंदी येत होती. मुलगा पाण्यात पोहायला गेला. शेतकरी मात्र मागीलदारी विहिरीपाशी जाऊन बसला. विहीर जेमतेम परसभर खोल. त्यात पाणी थोडंच. मास्तरांची बायको पाहुण्यांना दोन-दोन बादल्या देत होती आणि स्वतः एकीत भागवत होती. शेतकऱ्याच्या जिवाला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो कुदळ घेऊन विहिरीत उतरला. आवाज ऐकून मास्तर धावत आले.

"काका, काय करताय?"

"तुमचं मीठ खाल्लंय, मास्तर. दोन परस खाली जातो. पाणीच पाणी होईल बघा."

"काका, आधी वर या."

तो वर आला. मास्तरांनी त्याला शेजारी बसवलं. "आमचं गोडं पाणी म्हणजे नुसता पाऊस. तो वाळूत मुरतो आणि खाली समुद्राचं पाणी असतं, त्यावर दुधावरच्या सायीसारखा तरंगतो. म्हणून तर भरती-ओहोटीबरोबर विहीर वर-खाली होते. खोल गेलात, नाहीतर मोठा पंप लावलात, तर खालचा समुद्रच वर येईल. मग गोड्या पाण्यासाठी पावसाची वाट बघत बसायचं. समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प 2005 साली कवरत्तीला झाला, 2011 मध्ये इथंही झाला. तरी घरची विहीर ती घरची विहीर."

शेतकरी बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने विचारलं, "मग माझ्याजोगं काय काम आहे, ते तुम्हीच सांगा."

मास्तरांनी छपराकडे बोट दाखवलं. पावसाचं पाणी टाकीत नेणारी पन्हळ सांध्यात निसटली होती. शेतकरी शिडी लावून चढला. तार आणि काथ्या घेऊन त्याने दुपारपर्यंत सगळे सांधे पक्के बांधून काढले.

त्याच्या मनात तिळभर खोट नव्हती, हातात कसबही होतं. किकवीच्या कातळात ज्या कसबाने झरा फुटायचा, त्याच कसबाने इथे एका घराचं पाणी नासलं असतं. परमुलखात गेल्यावर चांगुलपणालाही आधी विचारावं लागतं, ते त्याला त्या विहिरीच्या काठावर कळलं.

संध्याकाळी मुलगा समुद्रातून खारट अंगाने आला आणि त्याने दुसरी बादली भरायला घेतली. शेतकऱ्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि मास्तरांनी काय सांगितलं, ते त्याला पहिल्यापासून सांगितलं.